नदीकाठची दोन घरे

जुने घर पाहायला गेलो की मी आधी खिडक्या मोजतो. इंग्लंडातल्या विस्बेच या बाजारगावीही माझी ही खोड सुटली नाही.

केंब्रिजशायरमधल्या या गावातून नीन नदी वाहते; समुद्राची भरती थेट गावापर्यंत येते. उत्तर तीरावर १७२२ साली बांधलेले पेकोव्हर हाऊस उभे आहे. विटांचे, शिस्तीचे घर. दरवाजा बरोबर मध्यावर, दोन्ही अंगांना सारख्याच उंच खिडक्या. तावदाने वरखाली सरकतात. चौकटीच्या पोकळीत दोरीला टांगलेली वजने ती तोलून धरतात. इंग्लंडात १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता. म्हणजे उजेडसुद्धा पैसे मोजून घरात घ्यावा लागे! अशा घराच्या खिडक्या म्हणजे मालकाची ऐपतच रस्त्यावर मांडलेली.

अठराव्या शतकाच्या अखेरीस हे घर जोनाथन पेकोव्हर यांच्याकडे आले. ते क्वेकर पंथाचे. किराणा दुकानातून पेढीवर पोचलेले गृहस्थ. घर 'बँक हाऊस' म्हणून ओळखले जाई. ठेव ठेवायला येणारा आधी घर पाहत असेल, मग मालक! आत मात्र गंमत आहे. साधेपणाचे व्रत घेतलेल्या या माणसांभोवती गिलाव्यात आणि लाकडात नाजूक वेलबुट्टी कोरलेली. ती हौस आधीच्या मालकांची. पेकोव्हरांनी ती पुसली नाही, जपली.

समोर, दक्षिण तीरावर, दुसरे घर आहे. तिथे १८३८ साली ऑक्टेव्हिया हिल जन्मली. वडील धान्याचे व्यापारी. १८४० साली त्यांचे दिवाळे निघाले आणि घर सुटले. हीच मुलगी मोठेपणी लंडनच्या गरिबांना नीटनेटकी घरे मिळावीत म्हणून झटली आणि १८९५ साली नॅशनल ट्रस्टच्या तीन संस्थापकांपैकी एक झाली. १९१२ साली ती वारली. पुढे १९४३ साली, ऐन महायुद्धात, अलेक्झांड्रिना पेकोव्हर यांनी आपले घर त्याच संस्थेच्या हवाली केले.

आमच्या घराची वाटणी झाली तेव्हा आम्ही भावांनी कोनाडेसुद्धा मोजले होते. त्या पुलावर उभा असताना मला ते आठवले. ज्या मुलीचे घर गेले, तिने उभारलेल्या संस्थेने समोरचे घर राखले. आज तिथे कोणीही आत जाऊन उजेड पाहू शकतो. आमच्या कोनाड्यांत आता दिवाळीला पणती लावणारे कोणी नाही.