दोन शिखरांचा प्रश्न

फ्रान्सच्या पूर्वेस, स्वित्झर्लंडच्या सीमेला लागून दू नावाचा जिल्हा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील सैन्यभरतीच्या तरुणांच्या उंचीची आकडेवारी लुई-आदोल्फ बेर्तियों या वैद्याने अभ्यासिली. (गुन्हेगारांची ओळख अंगमापनाने पटविणारा आल्फोन्स हा त्याचाच पुत्र.) उंचीचे गट पाडून प्रत्येक गटात किती तरुण येतात हे मांडले, तेव्हा आकृतीस एक नव्हे, दोन शिखरे दिसली. त्यापूर्वी १८४६ मध्ये बेल्जियमच्या केतले याने सुमारे ५,७०० स्कॉटिश सैनिकांच्या छातीच्या मापांतून असे दाखविले होते, की एकजिनसी समुदायाची मापे एकाच मध्याभोवती घंटेच्या आकारात जमतात. मग दोन शिखरे म्हणजे दोन समुदाय! बेर्तियोंने निष्कर्ष काढला, की या जिल्ह्यात केल्ट आणि बर्गंडियन असे दोन वंश नांदत आहेत.

वंशांचा हा शोध बरीच वर्षे टिकला. १८९० च्या दशकात रिदोल्फो लिव्ही या इटालियन लष्करी वैद्याने त्याचे मूळ खणले, तेव्हा तेथे केल्टही नव्हते आणि बर्गंडियनही नव्हते. मूळ मापे इंचांत होती. ती सेंटिमीटरच्या गटांत बसविताना काही गटांच्या वाट्याला अधिक माणसे आली, काहींच्या वाट्याला कमी. मधली दरी त्या रूपांतराने खणली होती.

हा प्रसंग आम्हांस फार बोलका वाटतो. आयतालेख ही आकृती आकडेवारीचे छायाचित्र आहे अशी आपली समजूत असते. वास्तविक ती काढणाऱ्याला आधी तीन गोष्टी ठरवाव्या लागतात: वर्ग कोठून सुरू करायचे, किती रुंद ठेवायचे आणि नेमक्या सीमेवर पडलेली संख्या कोणाच्या पदरात टाकायची. कार्ल पिअर्सनने १८९५ च्या निबंधात या आकृतीचे इंग्रजी नाव छापले, तेव्हा स्तंभाचे क्षेत्रफळ वारंवारता दाखविते, हे स्पष्ट केले होते. (त्या नावाचे मूळ ग्रीक ‘उभा खांब’ की इंग्रजी ‘इतिहास’, याविषयी मतभेद आहेत. आपला ‘आयतालेख’ या वादापासून मुक्त आहे.) वर्ग किती असावेत याचा नियम हर्बर्ट स्टर्जेसने १९२६ मध्ये सांगितला, आणि ‘आर’ ही संगणकप्रणाली वेगळे काही न सांगितल्यास आजही त्याच नियमापासून आरंभ करते.

याच प्रणालीबरोबर अमेरिकेतील यलोस्टोनच्या ‘ओल्ड फेथफुल’ या उष्णोदकाच्या कारंज्याच्या २७२ उद्रेकांची नोंद मिळते. उद्रेकांच्या कालावधीचा आयतालेख काढला, की अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे आठ स्तंभ उभे राहतात: ५५, ३७, ५, ९, ३४, ७५, ५४, ३. येथेही दोन शिखरे आहेत. पण ही खरी आहेत. रुंदी थोडी बदला, आरंभ सरकवा, तरी मधली दरी हटत नाही. सीमेवरील संख्या डावीकडच्या वर्गात न घालता उजवीकडे घातल्यास मात्र पहिले दोन स्तंभ ५१ आणि ४१ होतात. निसर्गात काहीच बदललेले नसते.

या सीमांच्या जाचातून सुटण्यासाठी घनता-वक्र आला. रोझेनब्लॅटने १९५६ मध्ये आणि पार्झेनने १९६२ मध्ये त्याचा सैद्धान्तिक पाया घातला. कल्पना सोपी आहे. प्रत्येक नोंदीच्या जागी वाळूची एक छोटी ढिगुळी ओतायची आणि सगळ्या ढिगुळ्यांची मिळून जी उंचसखल रेषा बनेल ती वक्र समजायची. ढिगुळी किती पसरट असावी, हे मात्र पुन्हा आपणच ठरवायचे. ‘आर’मध्ये ते ठरविणारा मूळ नियम केवळ जुन्याशी सुसंगती राखण्यासाठी ठेवला आहे, तो सर्वत्र शिफारस म्हणून नाही, अशी कबुली त्याच्याच माहितीपुस्तिकेत आहे, ती कितीजण वाचतात? कारंज्याचा सर्वांत लहान उद्रेक १.६ मिनिटांचा, वक्र मात्र ०.६ मिनिटांपासूनच वर येऊ लागतो.

मराठी शिकविणाऱ्यांनी यात का पडावे? गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातील एका बैठकीत प्रथम वर्षाच्या मराठीच्या गुणांचा असाच गुळगुळीत वक्र पडद्यावर झळकला. त्याला दोन शिखरे होती. एक सहकारी सहज म्हणाले, “मुलं दोन प्रकारची आहेत, सर. खेड्यातली आणि शहरातली.” कोणी हरकत घेतली नाही. खालच्या शिखराच्या मुलांची वेगळी तुकडी करावी, असा प्रस्तावही पुढे आला. शेजारच्या आयतालेखात ३० ते ४० चा स्तंभ चांगलाच उंच होता आणि तो अनुत्तीर्णांचा म्हणून दाखविला गेला. वस्तुतः ‘आर’ आपण न सांगता सीमेवरील ४० हा आकडा डावीकडे ढकलते, आणि आमच्याकडे ४० ला विद्यार्थी उत्तीर्ण होतो.

आम्ही घरी येऊन तेच गुण एकेका गुणाचा स्तंभ करून पुन्हा मांडले. खालचे शिखर एकाच जागी गोळा झाले: नेमके ४० वर. त्याच्या डावीकडे ३७, ३८, ३९ जवळजवळ रिकामे होते. खेडे आणि शहर यांचा तेथे मागमूस नव्हता. काठावरच्या मुलांना दोन-तीन गुण वाढवून ४० वर आणून सोडणारे परीक्षक आम्हीच होतो.

पुढच्या बैठकीत ही आकृती ठेवताना आम्हांस आधी ते सांगावे लागले. प्रस्ताव मागे पडला. वाढीव गुणांविषयी कोणी काही विचारले नाही, आणि आम्हीही तो विषय पुढे नेला नाही.