केरबा आणि धुळीची मोजणी

तृणमणी या अर्थाचा मराठीतील ‘केरबा’ हा शब्द फारसी ‘काहरुबा’वरून आला. काह म्हणजे गवताची काडी, रुबा म्हणजे हिरावून नेणारा. मराठी कानाला त्यात आपला ‘केर’ ऐकू यावा, हे स्वाभाविकच. (नांदेड-लातूरकडे आढळणारे केरबा हे पुरुषनाम मात्र बहुधा या देशी केरावरूनच, मुलास दृष्ट लागू नये म्हणून, ठेवले गेले असावे.) अरबीने हाच फारसी शब्द विजेस लावला, इकडे विल्यम गिल्बर्टने १६०० साली तृणमण्याच्या ग्रीक नावावरून विजेचे लॅटिन विशेषण घडविले. पूर्वेस व पश्चिमेस विजेचे बारसे असे एकाच मण्यावरून झाले.

घर्षणाची ही वीज वाहत्या प्रवाहातही निर्माण होते, हे ध्यानी येण्यास १८४० साल उजाडावे लागले. त्या वर्षी इंग्लंडमध्ये गळक्या बाष्पित्राच्या वाफेतून ठिणग्या मिळाल्याचे वृत्त आर्मस्ट्राँगने प्रसिद्ध केले. फॅरडेने १८४३ साली उलगडा केला : वीज वाफेची नव्हे, वाफेबरोबर वाहणाऱ्या जलकणांच्या घर्षणाची होय. त्याने दाबलेली हवाही सोडून पाहिली. निव्वळ कोरड्या हवेने वीज उत्पन्न झाली नाही. चूर्ण मिसळताच झाली. पुढे धुराड्यांत धातूची कांब बसवून तीवरील प्रवाहावरून धूळ ताडू लागले, पण त्या मापकास वीज बाहेरून पुरवावी लागे. २०१२ साली अमेरिकेत झोंग लिन वांग व सहकाऱ्यांनी घर्षणविद्युत्-जनित्र सिद्ध केल्यानंतर, कणांच्याच घर्षणाने चालणारे संवेदक घडविण्याचे प्रयत्न सुरू झाले. येथे धूळच आपल्या मोजणीचा खर्च भागविते.

लातूरच्या डाळगिरण्यांत हा प्रश्न केवळ पुस्तकी राहत नाही. तूर रुळावर घासली जाते आणि पंख्याचा झोत टरफल ओढून नेतो. गिरणीच्या भाषेत टरफल निराळे, चुनी निराळी आणि अंगावर बसणारी पिठासारखी धूळ निराळी. हा भेद आरोग्यदृष्ट्याही खरा आहे. दहा मायक्रॉनहून बारीक कण श्वासनलिकेत शिरतात, अडीचहून बारीक थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. नांदेडच्या कापसाची धूळ आणखी वेगळी : कापूसधुळीच्या विकारात सुटीनंतरच्या पहिल्याच दिवशी छाती अधिक आवळते.

संवेदक मात्र या सर्वांस एकाच आकड्यात बसवितो. कणाचा आकार, द्रव्य, वेग, हवेतील ओल, यांपैकी काहीही बदलले की विद्युत्भार बदलतो. तेलपाणी दिलेली तूर आणि कोरडी तूर यांची धूळ सारखीच असूनही आकडे भिन्न येऊ शकतात. म्हणून प्रत्येक गिरणीत, प्रत्येक ऋतूत, गाळणीवर साठलेली धूळ तोलून तो आकडा पडताळावा लागतो. आणि कोणती धूळ गाळणीवर घ्यावयाची, हे ठरविताना हमालाचे शब्द विचारात घेणे अधिक श्रेयस्कर होय.