लाखेतला आवाज संगणकात उतरवताना

मंडळी, शिरूर-दौंडकडे माळा आवरताना जुनी तबकडी हाती लागली, तर आधी ती जोखू. जड नि ठिसूळ असेल तर ती व्हिनाइलची नव्हे, लाखेची. १९०२ साली गैसबर्गनं कलकत्त्यात ध्वनिमुद्रण केलं, तेही असल्याच तबकड्यांसाठी. ती स्पिरिटनं पुसायची नाही, लाख विरघळते! एलपीची बारीक सुईही नको. रुंद खाचेच्या तळाशी घासून ती नुसती खरखर उचलते. वेगाचं तर विचारूच नका. सुरुवातीच्या तबकड्यांचा वेग एकसारखा नसायचा. ७८ फेऱ्यांची तबकडी ७४वर फिरवली, तर काळी चारमधलं गाणं जवळजवळ पांढरी पाचमध्ये ऐकू येतं. मग गायकाची पट्टी कुठली, हेच आपण चुकीचं लिहून ठेवतो. म्हणून पहिली प्रत आम्ही २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर, खरखरीसकट ठेवतो. साफसफाई दुसऱ्या प्रतीवर. ती जास्त झाली, की खरखरीबरोबर तबल्याची चाटही बोथट होते.