टेन्शनने दम लागतो तेव्हा काय करायचे?

सकाळी साडेआठला गोरेगावच्या फलाटावर चर्चगेट लोकलची गर्दी पाहूनच काहींची छाती दाटून येते. श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात, आता आपण पडणार असे वाटते. कुणाला हेच परीक्षेच्या आदल्या रात्री होते, कुणाला घराचा हप्ता थकल्यावर. घरात एक जण म्हणतो, ‘नाटक आहे’, दुसरा म्हणतो, ‘नजर लागली’. आम्हाला दोन्ही उत्तरे पटत नाहीत. त्रास खराच असतो. मात्र दर वेळी तो टेन्शनचाच असेल, असेही नाही.

भीती वाटली की शरीर पळायच्या तयारीला लागते. हृदय धडधडते, श्वास उथळ आणि भराभर होतो. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० श्वास घेतो, घाबरलेला त्याहून बरेच जास्त. म्हणजे हवा कमी पडत नसते, उलट गरजेपेक्षा जास्त आत-बाहेर होत असते. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात. चक्कर येते, ओठांभोवती मुंग्या येतात, कधी हाताची बोटे आखडतात. मग माणूस आणखी घाबरतो आणि आणखी जोरात श्वास ओढतो.

म्हणून अशा वेळी श्वास ओढायचा नाही, सोडायचा. त्या व्यक्तीला बसवा, गळ्याभोवतीचे कपडे सैल करा. नाकाने चार मोजेपर्यंत हळू आत, मग गरम चहावर फुंकर मारतो तसे ओठ करून सहा मोजेपर्यंत बाहेर. हात पोटावर ठेवा. पोट हलले पाहिजे, खांदे नाहीत. जवळच्याने ‘घाबरू नको’ असे शंभरदा सांगण्यापेक्षा सोबत बसून मोजावे. तस्बीहवर सावकाश झिक्र करायची सवय असेल तर ही लय लवकर जमते. असा झटका बहुधा दहा मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या तासात ओसरतो. सिनेमात दाखवतात तशी कागदी पिशवी तोंडाला लावू नका. त्रास दम्याचा किंवा हृदयाचा निघाला तर ती घातक ठरू शकते.

आणि हाच मुद्दा महत्त्वाचा. पहिल्यांदाच असे झाले असेल तर डॉक्टरांनी तपासल्याशिवाय ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका. छातीत दाब, दुखणे हात किंवा जबड्याकडे जाणे, दरदरून घाम, ओठ निळे पडणे, छातीतून शिट्टीसारखा आवाज, एका पायाला सूज, यातले काहीही असेल तर थेट १०८ ला फोन करा. कोरोनाच्या काळात घेतलेल्या ऑक्सिमीटरवर ९८ दिसले म्हणून हृदय ठीक आहे, असे होत नाही. अम्मीला जिना चढताना रोजच दम लागतो, तर हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. आपल्याकडे बायकांचे हे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढले जाते.

तपासण्या ठीक आल्या आणि तरी झटके येत राहिले, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जाण्यात लाज कसली? दहाव्या शतकातले बल्खचे विद्वान अबू झैद अल-बल्खी यांनी शरीर आणि मन या दोन्हींच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. घरात औषध ठेवतो तसे मनाला धीर देणारे विचार बरे असतानाच जमवून ठेवा, असे त्यांचे सांगणे होते. श्वासाचा सरावही तसाच, रोज पाच मिनिटे, त्रास नसताना करायचा. फोनवर बोलायचे असेल तर २०२२ पासून सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. नंबर १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीतही.

लोकल मात्र कायमची सोडू नका. टाळत गेले की भीती वाढते. २०१८ पासून हार्बरच्या गाड्या गोरेगावहूनच सुटतात. त्यात बसायला जागा मिळते. दुपारच्या कमी गर्दीत सोबत कुणाला तरी घेऊन आधी अंधेरीपर्यंत जा. ते जमले की वांद्रे, आणि मग एकट्याने.