‘संभाव्य’ हा एक शब्द खोडायला किती वर्षं लागली?

पीएच.डी.च्या मुलाखतीतला एक प्रश्न मला अजून आठवतो. “हिस्टोनवर ॲसिटिल गट बसला की काय होतं?” उत्तर तोंडपाठ होतं. क्रोमॅटिन सैल होतं आणि जनुक चालू होतं. नेट-सेटची तयारी करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारलं तरी हे सांगता येईल. समोरच्या मॅडमनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न टाकला, “कशावरून?”

मी तेच वाक्य जरा लांबवून पुन्हा सांगितलं. त्या म्हणाल्या, “काय होतं ते कळलं. पण ते तसंच होतं हे दाखवलं कुणी आणि कसं?” मला एकही प्रयोग सांगता आला नाही.

हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर. तुमची मुलाखत अजून व्हायची असेल, तर तुम्हाला ते वेळेत मिळतंय असं समजा.

गोष्ट सुरू होते हंसाच्या रक्तापासून

यकृताच्या पेशीत आणि मेंदूच्या पेशीत डीएनए तोच, तरी दोघींची कामं वेगळी. एकाच जनुकसंचातून वेगवेगळ्या पेशी कशा घडतात, हा एपिजेनेटिक्सच्या मुळाशी असलेला प्रश्न. हा शब्द कॉनराड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये वापरात आणला. तेव्हा जनुक कशाचं बनलेलं असतं हेही नक्की ठरलेलं नव्हतं.

हिस्टोन त्याहून जुने. १८८४ मध्ये आल्ब्रेख्त कोसेल यांनी हंसाच्या लाल रक्तपेशींमधून ते वेगळे काढले. हंसच का? आपल्या लाल रक्तपेशींत केंद्रक नसतं, पक्ष्यांच्या लाल पेशींत असतं. शिवाय रक्त हवं तेवढं मिळतं. पक्ष्याचं रक्त लक्षात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

हिस्टोन करतात काय, हे पुढची अनेक वर्षं धूसर राहिलं. १९५० मध्ये एडगर आणि एलेन स्टेडमन यांनी सुचवलं की हिस्टोन जनुकांना दाबून ठेवत असावेत. १९६२ मध्ये रू-ची हुआंग आणि जेम्स बॉनर यांनी वाटाण्यातून काढलेल्या क्रोमॅटिनवर प्रयोग केले. हिस्टोन घट्ट जोडलेला डीएनए आरएनए बनवण्याच्या कामात जवळजवळ निकामी ठरतो, असं त्यांना दिसलं.

म्हणजे हिस्टोन हा ब्रेक. पण मग पेशी तो सोडवते कसा? हिस्टोन तर सगळ्या डीएनएवर बसलेले. हव्या त्या जनुकापुरता, हव्या त्या वेळी ब्रेक ढिला करणारं काहीतरी हवं.

१९६४: बरोबर कल्पना, आणि तिच्यासोबतची शंका

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये व्हिन्सेंट ऑल्फ्री, रॉबर्ट फॉकनर आणि आल्फ्रेड मर्स्की वासराच्या थायमस ग्रंथीतून केंद्रकं वेगळी काढून काम करत होते. त्यांनी या केंद्रकांना किरणोत्सारी ॲसिटेट दिलं आणि ते कुठे जातं ते पाहिलं. ते हिस्टोनवर जाऊन बसत होतं.

इथे एक शंका लगेच येते. हा ॲसिटिल गट हिस्टोन तयार होतानाच लागत असेल तर? मग त्याचा नियंत्रणाशी काही संबंध उरणार नाही. त्यांनी प्युरोमायसिन टाकून प्रथिननिर्मिती थांबवली. ॲसिटिलेशन तरीही चालूच राहिलं. म्हणजे आधीच तयार असलेल्या हिस्टोनवर हा गट नंतर बसत होता. हा कंट्रोल नीट समजून घ्या. पेपरमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रयोग अनेकदा असा ‘हे नाही’ म्हणणारा असतो.

पुढचं पाऊल त्याहून धाडसी होतं. त्यांनी परीक्षानळीत ॲसिटिल गट लावलेले हिस्टोन घेतले आणि ते आरएनए बनण्याला किती अडवतात ते मोजलं. ते डीएनएला चिकटत होते, पण अडवत होते कमी. रसायनशास्त्र सोपं आहे. हिस्टोनमधल्या लायसिनवर धन प्रभार असतो आणि डीएनएवर ऋण. ॲसिटिल गट बसला की लायसिनचा प्रभार जातो, पकड सैलावते. गट काढला की पकड पुन्हा येते. म्हणजे मागेपुढे करता येणारं बटण.

आज पुस्तकात एका ओळीत येणारी गोष्ट जवळजवळ पूर्णपणे तिथे होती. पण पेपरचं शीर्षक बघा. हिस्टोनचं ॲसिटिलेशन आणि मिथिलेशन, आणि आरएनए निर्मितीच्या नियंत्रणातली त्यांची ‘संभाव्य’ भूमिका. हा शब्द त्यांनी उगाच घातलेला नव्हता. आपल्या पुराव्याची हद्द त्यांना ठाऊक होती.

१९६६ मध्ये याच गटाने माणसाच्या लिंफोसाइट पेशींना राजम्यातून मिळणारं फायटोहिमॅग्लुटिनिन देऊन जागं केलं. हिस्टोनचं ॲसिटिलेशन आधी वाढलं, आरएनए निर्मिती त्यानंतर. कारण आधी येतं, परिणाम नंतर. पुरावा थोडा पुढे सरकला, पण ‘संभाव्य’ तसाच राहिला.

मग अडलं कुठे?

तीन ठिकाणी.

पहिलं, मोजमाप सगळ्या केंद्रकाचं मिळून होतं. एकूण ॲसिटिलेशन वाढलं हे कळायचं. चालू झालेल्या जनुकावरच वाढलं का, हे कळायचं नाही.

दुसरं, सहसंबंध. पावसात रस्त्यावर छत्र्या उघडलेल्या दिसतात, म्हणून छत्र्यांमुळे पाऊस पडतो असं आपण म्हणत नाही. जनुक चालू झाल्यामुळेच तिथे ॲसिटिल गट बसत असतील तर? अगोदर-नंतर मोजूनही ही शंका पुरती जात नाही, कारण तिसरीच एखादी गोष्ट दोन्ही घडवत असू शकते. १९७० च्या दशकाच्या शेवटी कळलं की सोडियम ब्युटिरेट दिलं की ॲसिटिल गट काढण्याचं काम थांबतं आणि हिस्टोनवर ते साचत जातात. पण ब्युटिरेट पेशीत इतरही अनेक गोष्टी ढवळून काढतं, त्यामुळे नक्की कशामुळे काय झालं हे ठरेना.

तिसरं कारण प्रयोगातलं नाही, डोक्यातलं आहे. १९६१ मध्ये जॅकोब आणि मोनो यांनी जिवाणूंमधल्या जनुक-नियंत्रणाचं देखणं चित्र मांडलं होतं. डीएनएच्या ठरावीक जागी प्रथिन बसतं आणि जनुक बंद किंवा चालू करतं. जिवाणूंत हिस्टोन नसतातच. पुढे प्राण्यांच्या जनुकांचं प्रतिलेखनही उघड्या डीएनएवर, परीक्षानळीत करता येऊ लागलं. १९७४ मध्ये न्यूक्लिओसोमचं चित्र स्पष्ट झालं. आठ हिस्टोनचा गठ्ठा आणि त्याभोवती गुंडाळलेला डीएनए, आजच्या मोजणीनुसार साधारण १४७ जोड्यांचा. ते इतकं नीटनेटकं होतं की हिस्टोन म्हणजे सामान बांधायचा दोर, नियंत्रण दुसरीकडेच, असं अनेकांना वाटू लागलं. वैचारिक फॅशन पुराव्याइतकीच ताकदवान असते, हे आपल्याला कोर्सवर्कमध्ये कुणी शिकवत नाही.

कुठे? आणि लागतंच का?

१९८८ मध्ये ‘कुठे’ या प्रश्नाला उत्तर मिळालं. हेब्स, थॉर्न आणि क्रेन-रॉबिन्सन यांनी ॲसिटिल लावलेल्या हिस्टोनला पकडणारं प्रतिपिंड वापरलं. पेशी कुठल्या? कोंबडीच्या भ्रूणातल्या लाल रक्तपेशी! कोसेल यांच्यानंतर शंभर वर्षांनी पुन्हा पक्ष्याचं रक्त. या पेशींत ग्लोबिन जनुक चालू असतं, ओव्हाल्ब्युमिनचं बंद. प्रतिपिंडाने ओढून काढलेल्या तुकड्यांत ग्लोबिनचा डीएनए भरपूर सापडला, ओव्हाल्ब्युमिनचा नाही. तुमच्यापैकी जे चिप-सीक शिकताय, त्या पद्धतीच्या पूर्वजांपैकी हा एक प्रयोग.

पण हाही सहसंबंधच. फक्त जास्त बारीक.

‘लागतंच का’ हा प्रश्न मायकेल ग्रुन्स्टीन यांच्या प्रयोगशाळेने यीस्टला विचारला. यीस्टमध्ये हिस्टोनची जनुकं मोजकी असतात, त्यामुळे ती बदलता येतात. १९८८ मध्ये त्यांनी दाखवलं की जिवंत पेशीत न्यूक्लिओसोम कमी केले की काही बंद जनुकं आपोआप चालू होतात. म्हणजे हिस्टोन खरंच दाबून ठेवतात, तेही जिवंत पेशीत. १९९१ मध्ये त्यांनी एच-४ हिस्टोनच्या शेपटीला हात घातला. ती कापली की गॅलॅक्टोजसाठी लागणारं गॅल-१ जनुक नीट चालू होईना. ज्या लायसिनवर ॲसिटिल गट बसतो ती बदलली तरी तेच.

आता एकच दुवा राहिला. हा गट बसवतं कोण? ते एन्झाइम सापडल्याशिवाय सगळी गोष्ट अधांतरी होती. शोधणारे होते, पण एन्झाइम अत्यल्प, आणि शुद्ध करायला जावं तर हातातून निसटणारं. १९९५ मध्ये यीस्टमधलं असं एक जनुक सापडलं, पण ते एन्झाइम नव्याने बनलेल्या हिस्टोनवर काम करणारं निघालं. प्रतिलेखनाशी दुवा जुळेना.

दोन केंद्रकांचा जीव

डेव्हिड ॲलिस यांनी निवडलेला जीव होता टेट्राहायमेना. गोड्या पाण्यातला एकपेशीय प्राणी. एकाच पेशीत दोन केंद्रकं. मोठ्या केंद्रकातली जनुकं चालू आणि हिस्टोन ॲसिटिल गटांनी भरलेले. लहान केंद्रक वाढीच्या काळात गप्प, तिथे हे गट नाहीत. ‘चालू’ आणि ‘बंद’ दोन्ही एकाच पेशीत शेजारी-शेजारी. हे एन्झाइम शोधायचं तर मोठ्या केंद्रकाइतकी चांगली जागा नाही.

पद्धतही बघण्यासारखी आहे. जेम्स ब्राउनेल तेव्हा ॲलिस यांच्याकडे संशोधक विद्यार्थी होते. त्यांनी जेल बनवतानाच त्यात हिस्टोन मिसळले. त्या जेलवर मोठ्या केंद्रकातली प्रथिनं वेगळी केली, मग ती पुन्हा घडीत आणली आणि जेलला किरणोत्सारी ॲसिटिल-कोए दिलं. जिथे एन्झाइम असेल तिथले हिस्टोन किरणोत्सारी होणार. सुमारे ५५ किलोडाल्टनच्या जागी बँड दिसला. हे १९९५ मध्ये छापून आलं.

मग प्रथिन शुद्ध करून त्याचा क्रम काढला आणि मार्च १९९६ मध्ये तो प्रसिद्ध झाला. क्रम जुळला यीस्टच्या जीसीएन-५ या प्रथिनाशी. खरी मजा इथे आहे. जीसीएन-५ अनोळखी नव्हतं. यीस्टवर काम करणाऱ्यांना ते जनुकं चालू करायला मदत करणारं प्रथिन म्हणून आधीच माहीत होतं. ते नक्की काय करतं एवढंच माहीत नव्हतं. एकीकडे रसायन ठाऊक आणि एन्झाइम बेपत्ता, दुसरीकडे प्रथिन ठाऊक आणि त्याचं रसायन बेपत्ता. दोन्ही टोकं एका क्रमात जुळली.

काही आठवड्यांतच दुसरी बाजूही उलगडली. जॅक टॉन्टन, क्रिश्चन हॅसिग आणि स्टुअर्ट श्रायबर यांनी ट्रॅपॉक्सिन या रेणूचा गळ करून ॲसिटिल गट काढणारं एन्झाइम पकडलं. ते यीस्टच्या आरपीडी-३ चं भावंड निघालं, आणि आरपीडी-३ चा जनुक-नियंत्रणाशी असलेला संबंध आधीच माहीत होता.

तरी एक पळवाट उरली होती. जीसीएन-५ जनुक चालू करतं ते त्याच्या ॲसिटिल बसवण्याच्या कामामुळेच, की दुसऱ्या कशामुळे? १९९८ मध्ये जीसीएन-५ मध्ये अगदी नेमके बदल करून फक्त ते काम बंद पाडलं गेलं. प्रथिन जागेवर, काम बंद. त्याच्यावर अवलंबून असलेली जनुकं नीट चालू होईनात. ‘संभाव्य’ खोडायला ३४ वर्षं लागली.

यातून तुमच्या कामाचं काय?

ॲलिस आणि ग्रुन्स्टीन यांना २०१८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. ऑल्फ्री २००२ मध्येच गेले होते. एन्झाइम सापडलेलं त्यांनी पाहिलं, एवढं समाधान. ॲसिटिल गट काढणाऱ्या एन्झाइमना अडवणारं व्होरिनोस्टॅट हे औषध अमेरिकेत २००६ मध्ये त्वचेतल्या एका प्रकारच्या लिंफोमासाठी मंजूर झालं.

आणि गोष्ट संपलेलीही नाही. काही ॲसिटिलेशन प्रतिलेखनाच्या आधी नसून त्याच्यामुळेच होतं, असं अलीकडच्या कामांतून दिसतंय. म्हणजे छत्र्यांची शंका अगदीच चुकीची नव्हती. ‘ॲसिटिलेशन म्हणजे जनुक चालू’ हे सूत्र पाठ करताना एवढी जागा मोकळी ठेवा.

एपिजेनेटिक्सवर सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा तुमचा मुख्य दावा एका कागदावर लिहा आणि त्याला चार प्रश्न विचारा. दोन गोष्टी सोबत दिसतात का? नेमक्या त्याच जागी दिसतात का? एक काढली तर दुसरी थांबते का? आणि हे करणारा रेणू कोणता, त्याचं फक्त तेवढंच काम बंद पाडलं तर काय होतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर १९६० च्या दशकात मिळालं होतं, चौथ्याचं १९९८ मध्ये. तुमच्या तीन-चार वर्षांत चारही होणार नाहीत, आणि तशी अपेक्षाही नसते. पण आपण कुठल्या पायरीवर उभे आहोत हे स्वच्छ सांगता आलं पाहिजे. चौथी पायरी गाठली नसेल तर शीर्षकात ‘संभाव्य’ लिहायला लाजू नका. ऑल्फ्री लाजले नव्हते.

आणि मुलाखतीत कुणी “कशावरून?” विचारलंच, तर कोंबडीच्या रक्तापासून सुरुवात करा. सांगण्यासारखं पुष्कळ आहे.