शेपी बेटावरील फळे

थेम्स नदीच्या मुखाशी शेपी नावाचे लहानसे बेट आहे. त्याच्या उत्तर किनाऱ्यावरील मातीचे कडे समुद्राच्या माऱ्याने वारंवार ढासळतात आणि त्यांतून पाषाणरूप झालेली फळे व बिया बाहेर पडतात. लोखंड व गंधक यांच्या संयुगाने भरलेली ही फळे हवेत राहिल्यास हळूहळू भुगा होऊन जातात. अशा नाशवंत वस्तूंनी पृथ्वीच्या एका प्राचीन उष्ण युगाची साक्ष दिली आहे.

१७५७ साली जेम्स पार्सन्स या विद्वानाने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचे वर्णन केले. ती बायबलातील जलप्रलयात गाडली गेली, अशी त्याची समजूत होती. ज्याअर्थी फळे पिकलेली, त्याअर्थी प्रलय शरद ऋतूत झाला, असे अनुमानही त्याने काढले! निरीक्षण सूक्ष्म होते. काळाचे माप मात्र तोकडे.

ते माप चार्ल्स लायेल याने वाढविले. प्राचीन थरांतील शंखशिंपल्यांत आजच्या जाती किती, हे मोजून त्याने १८३३ साली युगे ठरविली. ज्या थरांत त्या शेकडा साडेतीनच होत्या, त्यांच्या युगास त्याने ‘इओसीन’, म्हणजे नूतन सृष्टीची उषा, हे नाव दिले. शेपीची माती त्याच युगातील, सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वीची होय.

१९३३ साली एलिनॉर रीड व मार्जोरी चँडलर या विदुषींनी या फळांवर मोठा ग्रंथ सिद्ध केला. त्यांत निपा नावाच्या ताडाची फळे विपुल आहेत. हा ताड आज सुंदरबनाच्या चिखलात वाढतो. बंगाली लोक त्यास गोलपाता म्हणतात व त्याच्या पानांनी घरे शाकारतात. मग तो इंग्लंडात कसा? फळे दूरदेशाहून वाहत आली म्हणावे, तर त्याच मातीत सुसरींची व कासवांची हाडे सापडतात. तेव्हाचे इंग्लंड काहीसे दक्षिणेस होते, हे खरे. परंतु तेव्हाही उत्तर ध्रुववृत्ताच्या आत असलेल्या कॅनडाच्या एल्समिअर बेटावर १९७५ साली मगरवर्गीय प्राण्यांचे अवशेष मिळाले. अर्थात ही उष्णता एका देशापुरती नव्हती.

तिचे मुख्य कारण हवेतील कार्बन डायऑक्साइड. त्या काळी हवेच्या दहा लाख भागांत तो हजाराहून अधिक भाग असावा. कारखानदारीपूर्वी तो २८० होता. आज ४२० च्या वर गेला आहे. निसर्गाला ज्यासाठी हजारो वर्षे लागत, ते मनुष्याने दोन-अडीच शतकांत केले. पार्सन्सने या फळांवरून गतप्रलयाचा ऋतू ओळखू पाहिला. आजचे शास्त्रज्ञ त्यांवरून येणाऱ्या काळाचे हवामान ताडून पाहत आहेत.