उतारावर हतबल झालेलं यंत्र

ठरवलेला वेग आपोआप टिकवणाऱ्या क्रूझ कंट्रोलची कल्पना सुचली ती एका अंध इंजिनिअरला. अमेरिकेच्या इंडियाना राज्यातल्या राल्फ टीटर यांनी पाचव्या वर्षी झालेल्या अपघातानंतर दृष्टी गमावली, तरी पुढे ते पिस्टन रिंगा बनवणाऱ्या ‘परफेक्ट सर्कल’ कंपनीचे अध्यक्ष झाले. त्यांचे वकील गाडी चालवताना बोलू लागले की वेग कमी होई, ऐकू लागले की वाढे. त्या हिसक्यांना वैतागून टीटर कामाला लागले, असं सांगतात. किस्सा रंगवलेला असेलही. पेटंट मात्र खरं, १९५० सालचं.

यंत्र साधं होतं. चाकांच्या वेगाबरोबर गरगरणारी वजनं वेग वाढला की बाहेर फेकली जात आणि ॲक्सिलरेटरचं पेडल ड्रायव्हरच्या पायाला उलट रेटा देई. वाफेच्या इंजिनासाठी जेम्स वॉटने अठराव्या शतकात वापरलेलीच ही युक्ती. नंतर त्यात पेडल धरून ठेवण्याची सोय आली. १९५८ मध्ये क्रायस्लरने ते आपल्या महागड्या मोटारींत बसवलं. १९७४ मध्ये तेलटंचाईमुळे अमेरिकेत ताशी ५५ मैलांची मर्यादा आली, आणि लांबच्या सरळ रस्त्यांवर त्याची उपयुक्तता आणखी पटली.

पण उतार?

तिथे ते हतबल. त्याच्या हाती फक्त इंजिनाचा श्वास होता, ब्रेक नव्हता. चढावर पेट्रोल वाढवून ते वेग टिकवी. तीव्र उतारावर पेट्रोल पार तोडलं तरी टॉप गिअरमधली जड गाडी आपल्याच वजनाने ठरवलेला आकडा ओलांडून पळे. बऱ्याचशा सपाट मुलखात जन्मलेल्या यंत्राची ही उणीव डोंगरातच उघडी पडायची.

सुधारणा सावकाश आल्या. १९९५ मध्ये मित्सुबिशीने लेझरने पुढच्या गाडीचं अंतर मोजणारी यंत्रणा आणली. तीही वेग कमी करायला गिअर खाली आणी, ब्रेक लावत नसे. १९९७ च्या लँड रोव्हर फ्रीलँडरला घसरडे उतार संथपणे उतरण्यासाठी लागणारा ‘लो रेंज’ गिअरबॉक्स नव्हता. म्हणून एबीएसच्या मदतीने चारही चाकांचे ब्रेक आपोआप दाबणारी ‘हिल डिसेंट कंट्रोल’ बसवली. ती मात्र रांगत उतरण्यापुरती, हमरस्त्यासाठी नव्हे. आता अनेक गाड्यांतला क्रूझ कंट्रोल स्वतः ब्रेक लावतो. पण लांब उतारावर सतत दाबलेले ब्रेक तापतात, मग ते ड्रायव्हरने दाबलेले असोत की संगणकाने.

बोरघाट उतरताना डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलमध्ये सोडणारे आजही आहेत. मग सगळा भार ब्रेकवरच येतो आणि त्यातून अपघात होतात. जुन्या ड्रायव्हरांचा नियमच बरा: ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. तेव्हा घाट लागण्याआधी क्रूझ बंद करा, गिअर खाली घ्या आणि ब्रेक अधूनमधून वापरा.